खळ घातलेले हातमोजे

पालमच्या त्या गल्लीत ब्लाउज शिवावा तर बबितानंच, असं बायका म्हणायच्या आणि बबिता ऐकून न ऐकल्यासारखं करायची. सव्वीस जानेवारीला शाळेचं निशाण घेऊन पुढं चालायचा मान तिच्या संघप्रियाला मिळाला. वर्गाच्या राजेश्रीबाईंनी पांढरे हातमोजे आणायला सांगितले, तशी बबिता फणकारली, "दुकानातले कशाला? मी शिवते की!"

बोलणं सोपं होतं. पोरीचा पंजा वर्तमानपत्रावर ठेवून तिनं पेन्सिल फिरवली, शिलाईला जागा सोडून पॉपलीन कापलं. मोजा हातात गेला, पण बोटं वाकेनात. उसवला. मग बोटांच्या मधे बारीक पट्ट्या जोडल्या, अंगठा वेगळा कापून बसवला. आता मोजे असे बसले की संघप्रिया मुठी उघडझाप करत घरभर नाचली.

तिथंच थांबायचं ना! पण अति तिथं माती म्हणतात ते काय उगाच? विहारात जाताना नेसायची पांढरी साडी बबितानं खळ घातल्याशिवाय कधी अंगाला लावली नव्हती.

"राहू दे ना आई, मऊच चांगले हायत," संघप्रिया म्हणाली.

"पांढरं कसं कडक पायजे!" म्हणत बबितानं मोजे खळीत बुचकळले, वाळवले, वरून इस्त्री फिरवली. घालून मात्र बघितले नाहीत.

मैदानात मोजे लांबून चमकत होते. बोटं तेवढी पापडासारखी ताठ. संघप्रियानं निशाणाची काठी दोन तळव्यांत कशीबशी दाबून धरली होती. सलामीला एक हात वर गेला आणि काठी दुसऱ्या हातातून सटकली. निशाण मातीत पडलं, मागची रांग अडखळली, कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"तुमचीच का पोरगी? कुठनं आणले ओ असले मोजे?" बबिताच्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईनं विचारलं.

"दुकानातले हायत," बबिता बोलून गेली. "मेल्या दुकानवाल्यानं फसवलं बघा."

खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच कसंतरी झालं.

कार्यक्रम संपला, जिलेबी वाटायला सुरुवात झाली. राजेश्रीबाईंनी संघप्रियाला बाजूला घेतलेलं पाहून बबिता लगबगीनं तिकडं गेली. मघाची ती अनोळखी बाईही आपल्या लेकराला शोधत मागोमाग आली.

"आईनं लय छान शिवले होते मॅडम," संघप्रिया मान खाली घालून सांगत होती. "खळ मीच घातली. आई नको म्हणत होती."

पोर आईची अब्रू झाकत होती, आणि आई? आईनं स्वतःच्या हाताची शिवण भर मैदानात नाकारली होती. लाज वाटली, इतकी की तिथं उभं राहवेना.

"न्हाई मॅडम," ती कशीबशी म्हणाली. "शिवले मीच, खळ बी मीच घातली. ही नकोच म्हणत होती."

"असू द्या ताई, होतं असं," राजेश्रीबाई हसल्या.

बबितानं श्वास सोडला. तेवढ्यात मागून ती बाई म्हणाली, "आँ? मघाशी तर तुम्ही दुकानवाल्यानं फसवलं म्हणत होता!"

संघप्रियानं वर बघितलं. निशाण उचलताना मातीनं मळलेले मोजे तिनं काढून छातीशी धरले होते.

"कोणता दुकानवाला, आई?"