फोटोपुरती फाइल

आंधळगावच्या चौकात खुशबू मेश्रामचा फ्लेक्स लागला तेव्हा तिचा पासपोर्ट आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका भंडाऱ्यातल्या एका कपाटात कुलूपबंद होत्या. फ्लेक्सवर मात्र तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता, पाठीमागे कुठल्याशा बर्फाळ शहराचा घुमट होता आणि नावाआधी 'भावी डॉक्टर' हे विशेषण ठळक लाल अक्षरांत होते. कर्तृत्व आधी आणि गौरव मागाहून, हा क्रम जगात बहुतेक ठिकाणी पाळला जातो. परदेशी वैद्यकीय प्रवेशाचे काम करणाऱ्या चंद्रकुमार सरांनी तो उलटा केला होता. सर म्हणजे नुसते नावाचे सर. कुठल्याही शाळेत त्यांनी आयुष्यात एक तास घेतला नव्हता. पण माणसे वाचण्यात त्यांचा हात धरणारे कोणी जिल्ह्यात नव्हते.

खुशबूला वाचण्याची खोड होती, आणि सगळी अडचण तिथेच सुरू झाली. 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत ती पात्र ठरली होती. सरकारी एमबीबीएसपर्यंत मात्र तिचे गुण पोहोचले नव्हते. तिचे वडील परसराम एसटीत कंडक्टर होते. कुणा सहकाऱ्याच्या ओळखीने ते सरांकडे गेले, नोंदणीचे पैसे आणि मूळ कागद देऊन आले, आणि महिनाभरात परदेशातल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र घरी आले. पहिल्या पानावर सोनेरी मुद्रा होती. ती पाहून आई पंचफुलाने पत्र बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवले, मेणबत्ती लावली, आणि घरातल्या कोणाला ते उलगडून वाचण्याची गरज भासली नाही.

खुशबूने चारही पाने वाचली. चौथ्या पानावरची अक्षरे मुंगीएवढी होती. पहिली दोन वर्षे एका देशात, पुढची दुसऱ्याच देशातल्या 'सहयोगी' संस्थेत. रुग्णालयातले शिक्षण तिथल्या स्थानिक भाषेत. आणि इंटर्नशिपची व्यवस्था विद्यार्थ्याने आपल्या मायदेशी स्वतः करावी. मग तिने मोबाइलवर आपल्या देशातल्या वैद्यकीय आयोगाचे नियम काढले. सगळे शिक्षण एकाच परदेशी संस्थेत, इंग्रजीतून, किमान चोपन्न महिने. त्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप त्याच संस्थेत. आणि ती पदवी त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणे वैद्यकी करण्याचा परवाना मिळवून देणारी हवी. यांतली एक अट जरी मोडली तरी परतल्यावर इथली परवाना परीक्षाच देता येत नाही. सोनेरी मुद्रेखालच्या त्या पत्राने तीन अटी उघडउघड मोडल्या होत्या आणि परवान्याबद्दल विचारी मौन पाळले होते.

तिने सरांना फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, नियम दरवर्षी बदलतात असे सांगितले, आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे की वकील, असे हसत विचारले. मूळ कागद मागितले तेव्हा ते 'विद्यापीठाच्या प्रक्रियेत' असल्याचे कळले.

त्याच आठवड्यात आयुर्वेदाच्या दुसऱ्या प्रवेशफेरीत तिचे नाव लागले. तो अर्ज तिने कोणाला न सांगता भरला होता. नागपूरचे महाविद्यालय, मंगळवारी पाच वाजेपर्यंत मूळ कागदांसह हजेरी. नाहीतर जागा पुढच्याला. तिने वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. परसरामांनी शेवटपर्यंत ऐकले, आणि एवढेच म्हणाले की चौकात फ्लेक्स लागला आहे, रविवारी सत्कार आहे, डेपोत पेढे वाटून झाले आहेत. नियमांवर ते एक अक्षर बोलले नाहीत. फ्लेक्सला कुठलाच नियम लागू होत नाही, हे खुशबूला त्या दिवशी समजले.

शनिवारी ती बसने सिहोऱ्याला गेली. तीन वर्षांपूर्वी सरांनी तिथल्या अनुपचा असाच सत्कार केला होता. अनुपच्या आईने दारातच सांगितले की तो सुटीवर आला आहे. सुटीचा नववा महिना चालू होता. अनुप परसात धान वाळवायच्या ताडपत्रीवर बसून मोबाइल पाहत होता. तो बराच वेळ टाळाटाळ करत राहिला. मग दोन वर्षांनी पुढच्या शिक्षणाच्या दुसऱ्या देशाने व्हिसा कसा नाकारला, पहिल्या संस्थेने हात कसे वर केले, हे त्याने मान खाली घालून सांगितले.

खुशबूने विचारले, "मग तक्रार काहून नाई केली?"

"कोणापाशी करू? ज्या गावानं हार घातले, त्याच गावाले जाऊन सांगू का, का मले बनवलं म्हणून? माझ्यासंग अकरा जणं होते. अकराही जणांचा सत्कार झाला होता." तो कोरडे हसला. "एकानं तोंड नाई उघडलं."

खुशबूने ते वाक्य मनात दोनदा फिरवले. इतके दिवस सत्कार तिला जाहिरात वाटत होता. आता दिसले की तो विमा होता, आणि विमा उतरवला होता तो सरांचा. शाल खांद्यावर पडली की माणसाची जीभ गहाण पडते; ज्याला गावासमोर उंच केले त्याला गावासमोर खाली उतरता येत नाही. फसवणुकीच्या शास्त्रावर इतका नेमका सिद्धांत कुठल्या ग्रंथात सापडला नसता, आणि तो मांडणारा इसम भंडाऱ्यात दर रविवारी नारळ घाऊक भावाने विकत घेत होता.

तिने मूळ कागदांचे विचारले. अनुप म्हणाला की मंचावर सर सगळी फाइल हातात देतात. पासपोर्ट, गुणपत्रिका, प्रवेशपत्र, सगळे खरे असते; पारदर्शक प्लास्टिकमधून लोकांना दिसावे म्हणून. फोटो निघाला की पायरीवरच परत घेतात, प्रक्रिया बाकी आहे म्हणून.

"फोटोपुरतीच असते फाइल तुह्या हातात. अर्धा मिनिट."

"तेवढं पुरे हाये," खुशबू म्हणाली.

तिने त्याला रविवारी सत्काराला सोबत यायला सांगितले. तो आला नाही. तिने त्याला दोष दिला नाही; परतीच्या बसमध्ये बसून तिने मोबाइलमधल्या फोटोवरून चौथे पान मराठीत वहीच्या कागदावर उतरवून काढले.

रविवारी दुपारी समाजमंदिराचे सभागृह भरले होते. सरांनी मोहाडी तालुक्यातले पन्नास पालक मुलांसह बोलावले होते. सत्कारमूर्तीने चार शब्द बोलून त्या मुलांना मार्गदर्शन करावे, असे पत्रिकेत छापले होते. परसराम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मंचावर बसले होते, हात गुडघ्यांवर, एखाद्या पासवाल्या प्रवाशासारखे. शाल झाली, श्रीफळ झाले. मग सरांनी पारदर्शक फाइल दोन्ही हातांनी उंच धरली आणि खुशबूच्या हाती दिली. कॅमेरा चमकला. सरांनी सवयीने हात पुढे केला.

खुशबूने फाइल काखेत दाबली आणि माइक हातात घेतला.

"मले मार्गदर्शन कराले सांगितलं हाये. मी हे पत्र वाचून दाखवतो, तेच मार्गदर्शन समजा."

आणि तिने चौथे पान मराठीतून वाचले, सावकाश, निवडणुकीतल्या मतमोजणीचे आकडे वाचावेत तशा आवाजात. मग आयोगाची एकेक अट. शेवटी मुलांकडे पाहून ती म्हणाली की कोणताही एजंट असो, त्याला या अटी कागदावर लिहून सहीनिशी मागा, विद्यापीठाला स्वतः पत्र पाठवून खात्री करा, आणि मूळ कागद कोणाच्या कपाटात ठेवू नका, छायाप्रती द्या.

सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. मागून कोणीतरी पोरगी लय शेफारली म्हणून शेरा मारला आणि दोघे-चौघे हसले. सरांचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. ते परसरामांकडे वाकून मऊ आवाजात म्हणाले, "परसरामभाऊ, पोरगी घाबरली हाये. फाइल घ्या तिच्याजवळून. समजवा तिले."

परसराम उठले. लेकीजवळ येऊन हळूच म्हणाले, "दे बाई. सगळे पाहून राहिले."

"पाहूद्या. बाबा, रोज हजार लोकायचं तिकीट पाहता तुम्ही. माह्या तिकिटावर कोणतं गाव लिहिलं हाये ते एकदा पाहा, मग म्हणा दे म्हणून."

परसरामांनी तिच्या हातातला वहीचा कागद घेतला. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. पन्नास घरे पाहत होती. वीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाने वरिष्ठांसमोर कधी मान वर केली नव्हती, तो सरांकडे वळला.

"सर, हे इंटर्नशिपचं कसं?"

"ते ऑफिसात बसून बोलू, भाऊ."

"इथंच सांगा ना. सत्कार इथं केला, तं हेही इथंच सांगा."

सरांनी घड्याळ पाहिले. दुसऱ्या एका कार्यक्रमाला उशीर होत असल्याचे सांगितले, आणि जाताजाता नोंदणी रद्द समजावी लागेल, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, अशी तंबी दिली.

"गेलं ते गेलं," परसराम म्हणाले. "फाइल पोरीजवळच राहीन."

पंचफुला पहिल्या रांगेतून उठली आणि मंचाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, जिथे फाइल परत घ्यायची रीत होती. सरांना दुसऱ्या बाजूने उतरावे लागले.

मंगळवारी नागपूरच्या महाविद्यालयात प्रवेशाच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. लिपिकाने मूळ कागद मोजून आत घेतले, एक छापील हमीपत्र पुढे सरकवले आणि जिथे सही करायची तिथे बोटाने टिचकी मारली. खुशबूने ते हमीपत्र उचलले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. आधी कागदांची पोच द्या, असेही तिने सांगितले. लिपिक वैतागून म्हणाला की मॅडम, मागे साठ जण उभे आहेत, आजवर कोणी हे वाचलेले नाही.

तिने पान उलटले. मागून कुरकुर वाढली तसे परसराम तिच्या आणि रांगेच्या मध्ये येऊन उभे राहिले, गर्दीच्या बसमध्ये उभे राहतात तसे पाय रोवून.

"थांबा जरा," ते रांगेला म्हणाले. "ते वाचून राहिली."