चुलीपुढचा लोखंड्या

मित्रांनो, मी मोबाइल उभा करायचा एक जुना लोखंडी स्टँड आहे. माळेगाव बुद्रुकच्या वेल्डिंगच्या दुकानात, उसाच्या ट्रॉलीच्या उरलेल्या सळयांतून माझे तीन पाय घडले. त्यातला एक जरा आखूड झाला. "खाली दगड सारा, चालतंय," म्हणत दुकानदाराने मला भिगवणच्या संजीवनीच्या हाती दिले.

संजीवनी बारामतीला कंपनीत पाळीवर जायची. परत येईतो तिची छकुली झोपलेली असायची. म्हणून तिने नोकरी सोडली आणि सासूबाईंच्या, म्हणजे धोंडाबाईंच्या हातचा स्वयंपाक मोबाइलवर व्हिडिओ करून लोकांना दाखवायचे ठरवले. घरात बोलणे झाले होते, दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर पुन्हा कंपनी.

मोठा व्हिडिओ यूट्यूबवर जाई. त्यावरच्या जाहिरातींचा वाटा मिळे. त्याचाच मिनिटभराचा तुकडा इन्स्टाग्रामवर. तिथे पैसा जवळजवळ नाही, पण तो पाहून माणसे व्हॉट्सॲपवर धोंडाबाईंचा काळा मसाला मागवत. कधी हायवेवरचा हॉटेलवाला आपली मासळी दाखवायला पैसे देई. असे चार ठिकाणचे थोडेथोडे मिळून घर चाले.

पहिल्या कमाईतून हलका, चकचकीत स्टँड आला आणि मी अंगणात गेलो. माझ्यावर मासळीची जाळी वाळू लागली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

धोंडाबाईंचा एक नेम होता. देवाचे नाव कानी पडल्याशिवाय चूल पेटवायची नाही. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओच्या आरंभी स्पीकरवर भजन वाजे. गणपतीच्या सुमारास संजीवनीला मोबाइलवर निरोप आला. भजनाच्या मालकांनी हक्क सांगितला होता, आणि त्या सगळ्या व्हिडिओंची कमाई तिकडे वळली होती.

"देवाच्या गाण्याला मालक असतोय व्हय गं?" धोंडाबाईंनी विचारले.

"देव न्हाय आत्या, गाणारा असतोय मालक. त्यांनीबी कष्ट केल्यातच की. आता भजन बंद करू."

"नाव न घेता चूल पेटवू? न्हाय जमायचं."

"मग मी जाते कंपनीत. छकुलीला तुमीच निजवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाई चुलीपुढे बसल्या, पण स्पीकर लावला नाही. डोळे मिटून त्यांनी स्वतःच जुळवलेली ओवी म्हटली. आवाज घोगरा, पण ओवीत देव होता, दूध होते, छकुलीही होती. तेवढ्यात उजनी धरणाच्या पाण्यावरून वारा आला आणि चकचकीत स्टँड मोबाइलसकट आडवा झाला.

"ते वाऱ्यावरचं नगं बाई. आपला लोखंड्या आण!"

माझ्यावरची जाळी उतरली. पायाखाली दगड आला. ओवी पहिल्यापासून म्हटली गेली.

त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिले, "मावशी, भाजी राहू द्या, ओवी पुरी म्हणा." पुढे रोज नवी ओवी आणि तिच्यामागे मसाल्याच्या मागण्या आल्या. फार नाही, पण पुरेसे मिळू लागले. दिवाळीला संजीवनीचा कंपनीत न्यायचा डबा छकुलीच्या भातुकलीत गेला. कुणी तो परत मागितला नाही.

मित्रांनो, आता माझ्यावर गंज चढतो आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर पावसाळ्याआधी त्याच्यावर तेलाचा हात फिरवा. आणि दुसऱ्याचे गाणे लावण्याआधी, आपल्या घरात कुणाला गाता येते का, तेवढे विचारून पाहा.