गुडघाभर नदी

पौषातली दुपार. फिकट, केशरी, थकलेली. माडीच्या खिडकीतून ऊन उतरते आणि लाकडी फळ्यांवर उभ्या केलेल्या एका चिमुकल्या मुलखावर पसरते. हातभर उंचीचे नीलवर्ण डोंगर, शेवाळी वनराजी, काडीएवढे सिग्नल, आणि दरीत कमानी रोवून उभा असलेला दगडी पूल. पुलावर रूळ आहेत. पुलाखाली नदी मात्र नाही.

यदुनाथरावांना डोंगर जमले, बोगदा जमला, स्टेशनावरचा चहाचा ठेलासुद्धा जमला. एवढा हा हौशी विश्वकर्मा, पण नदीपाशी येऊन अडला. दोनदा त्यांनी ती केली, दोनदा खरवडून काढली. विचारले की म्हणत, रंग साधत नाही. रंग हे नुसते निमित्त, हे त्यांच्या बायकोला, मृणालिनीबाईंना, ठाऊक होते.

एके काळी ही नदी खरी होती. पूल खरा होता. रविवारच्या सायंकाळी तिघे काठावर पॅसेंजर बघायला जात. केतकी पिवळ्या फ्रॉकमध्ये, वाळूत नाचणारी, गाडीला हात करणारी. त्या सायंकाळी तिला पाण्यात उभे राहून हात करायचा होता. तिने वडिलांकडे पाहिले. ते हसून म्हणाले, "जा की, गुडघाभर तर पाणी आहे."

निर्मळ पाणी, निवांत पाणी, निष्ठुर पाणी. पूल थरथरला, गाडी गेली, आणि वळून पाहिले तेव्हा केतकी नव्हती.

वर्षे गेली, केस पिकले. ते वाक्य मात्र घरातच राहिले. जेवताना ते ताटाशेजारी बसे, दिवा मालवला की उशाशी येई. मृणालिनीबाईंनी ते एकदाही उच्चारले नाही. त्यांच्या त्या मौनाचीच यदुनाथरावांना जास्त भीती वाटे.

म्हणून ही नदी गुडघाभर व्हायला हवी होती. निदान ही तरी.

आज तिसरी खेप. तळाला त्यांनी चंद्रधवल वाळू रंगवली, खोलपणाची सावलीसुद्धा कुठे पडू दिली नाही. वर पाण्यासारखे पारदर्शक, मागाहून घट्ट होणारे रेझिन ओतले, मधासारख्या संथ धारेने. बुडबुडे आले, ते फुंकरीने फोडले. मधल्या कमानीखालून मात्र एक आला, मग दुसरा, मग आणखी एक. यदुनाथरावांची फुंकर ओठांवरच थांबली.

आणि मग तळ बदलू लागला. ओली झाली की वाळू गडद दिसते, रंगवलेली वाळूही तशीच झाली. धवल होते ते धूसर झाले, धूसर होते ते श्यामल झाले. डोळ्यांदेखत नदी खोल खोल गेली. घाबरून त्यांनी खरवडायची पात उचलली.

चहा घेऊन आलेल्या मृणालिनीबाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांचे मनगट धरले.

"राहू द्या. खोलच होती ती." मनगट न सोडता त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं? तिच्या चपला मीच काढून घेतल्या होत्या."

पात हातातून गळून पडली. इतक्या वर्षांनी यदुनाथराव बायकोसमोर रडले, आणि त्याही रडल्या.

दुसऱ्या दिवशी नदी घट्ट झाली. मावळतीला यदुनाथरावांनी खण उघडून एक इवली आकृती काढली. पिवळा फ्रॉक, वर केलेला हात. सगळ्यांच्या आधी केलेली, कधीच न मांडलेली. मृणालिनीबाईंनी बारीक कुंचल्याने तिच्या पायांत तपकिरी चपला रंगवल्या आणि तिला काठावर उभे केले.

यदुनाथरावांनी बटण दाबले. बोगद्यातून गाडी आली, दिवा लुकलुकला, पूल थरथरला. काठावर एक हात वर. काळ्या पाण्यात, उलटा, आणखी एक हात वर. गाडी पुलावरून गेली. पाणी हलले नाही.