निळ्या चपलेचं बूच

शिवराम मिस्त्रीची एक खोड होती. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि त्या भोकावर बिडीच्या बंडलाचा कागद ठेवायचा. कागद आत ओढला जाऊन चिकटला, तर इंजिनाचा श्वास मोकळा. फडफडून उडाला, तर आत धूर कोंडलाय. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या त्याच्या गॅरेजात कागद म्हणेल तेच खरं.

मुकेशची जुनी फियाट सव्वीस जुलैच्या पुरानंतर वर्षभर मांजर्लीत नदीकाठी चिखल खात पडून होती. मुकेश तिच्यातच बुडाला होता. त्याची बायको यशोधरा गाडी टोचन करून घेऊन आली.

"शिवरामदादा, मला गाडी चालवायची नाहीये. त्या दिवशी ती हलली का नाही, एवढंच सांगा. मी गच्चीवरून बघत होते. इंजिन नुसतं ओरडत होतं. सगळे म्हणतात, हे घाबरून क्लच दाबून बसले. आमची लेक कीर्तीपण आता तेच म्हणते."

आठवडाभर खपून शिवरामने इंजिन धुतलं, बांधलं. शेवटी ब्रीदरची, म्हणजे आतला धूर बाहेर काढणारी नळी उपसली, तर तिच्यातून निळं रबरी बूच निघालं. शिवरामच्याच चपलेच्या टाचेतून कापलेलं. गाडीत धुराचा वास येतो म्हणून पुराच्या थोडं आधी मुकेश आला होता. तेव्हा कामाची घाई. "चार दिवस चालव, मग पिस्टनच्या रिंगा बघू," म्हणत शिवरामनेच ते नळीत ठोकून दिलं होतं. कोंडलेल्या धुराने तेल मागच्या सीलमधून क्लचप्लेटवर ढकललं. तेलकट प्लेट गाडी ओढणार कशी? छातीपर्यंत पाणी चढताना मुकेश काय काय करून बघत असेल?

शिवरामने बूच खिशात टाकलं.

दुपारी यशोधरा आली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "इंजिनात पाणी शिरलं, वहिनी. दुसरं काय?"

सवयीने त्याने इंजिन चालू करून कागद ठेवला. कागद झकास चिकटला. त्याने चावी बंद केली. सगळं शांत झालं.

आणि कागद हलला. हळूच वर उठला, खाली बसला. पुन्हा उठला. लोडशेडिंगमुळे पंखा बंद होता, बाहेर पिंपळाचं पान हलत नव्हतं. शिवरामने भोकावर तळवा धरला. गरम इंजिनातून गार, ओला वारा येत होता आणि त्याला नदीच्या गाळाचा वास होता.

"काय झालं, दादा?"

"कुठं काय? पाणीच शिरलेलं."

धाप लागावी तसा कागद भराभर उठूबसू लागला. शिवरामला दरदरून घाम फुटला. आयुष्यात तो इतका कधी घाबरला नव्हता, आणि इतकी लाजही त्याला कधी वाटली नव्हती. त्याने खिशातलं बूच काढून मडगार्डवर ठेवलं.

"वहिनी, मुकेशची काही चूक नव्हती. माझी होती."

त्याने सगळं सांगितलं. यशोधराने बूच हातात घेतलं, त्याच्या पायातल्या टाच कापलेल्या चपलेकडे पाहिलं. तिच्या तोंडून शिवी येईल असं त्याला वाटलं. यायला हवी होती.

"हेच कीर्तीसमोर सांगाल?"

"सांगतो. उद्या सकाळीच येतो."

कागद अजून थांबला नव्हता. यशोधराने खाली वाकून त्यावर हलकेच हात ठेवला. ती दचकली नाही.

"उद्या नको, आत्ताच चला," ती म्हणाली. "हे वाट बघतायत."