बोडक्या पहाडीवरची चौथी हाक

सालेकशाकडच्या डोंगरांना टोकच नाही, हीच मोठी भानगड आहे. सुळका असता तर माणूस म्हणाला असता, तो बघा सुळका, तिकडं चला. इथं एकामागं एक नुसते गोल माथे, उपड्या टोपल्यांसारखे. त्यातली बोडकी पहाडी तर अशी, की वर पोचलं की चारही बाजू सारख्याच दिसतात. आपण कुठून चढलो हे सांगायला माथ्यावर धड एक झाडही नाही. "अशा ठिकानी कोनी हौसेनं जाते का बापा?" असं अनुसयाबाई घरून निघाल्यापासून म्हणत होती. ऐकतो कोण!

तिचा मुलगा हेमेंद्र दर रविवारी लोकांना या पहाड्या चढवून आणायचा. गोंदियाची, नागपूरची पोरंपोरी यायची, कमरेला दोर बांधून खडक उतरायची, फोटो काढायची आणि पायांना फोड घेऊन हसत घरी जायची. यंदा धानाची मळणी आटोपली तसा तो आईबापाच्या मागं लागला, की एकदा तुम्ही पण चला. चुन्नीलाल लगेच तयार! सारा जन्म चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या धानशेतात चिखल तुडवण्यात गेला असला, तरी लहानपणी मामाच्या गावी राहून त्यानं याच रानात तेंदूपत्ता तोडला होता. "मले कायले रस्ता दाखवतेस?" तो पोराला म्हणाला. "हे रान माह्यं पाठ हाये."

पाठ होतं म्हणे. आणि आता ऊन पिवळं पडत आलं तरी या पाठ असलेल्या माणसाचा पत्ता नव्हता.

झालं होतं एवढंच. माथ्यावर पोचल्यावर तो म्हणाला, "तुमी व्हा पुढे, मी आलोच," आणि उतारावरच्या झुडपांकडं गेला. माणूस कशाला जातो ते काय विचारायचं असतं? बाकीचे माथा ओलांडून पलीकडं गेले, तिथं दोराचा खेळ सुरू झाला, आरडाओरडा, टाळ्या. अनुसयाबाईनं डबा सोडायला घेतला आणि मान वर केली. नवरा कुठं आहे?

त्याला साखर होती. सकाळी गोळी घेतली की वेळेवर पोटात अन्न पडायलाच हवं. नाही पडलं तर हात कापायचे, दरदरून घाम सुटायचा, डोकं भलतंच काही सांगायचं. मागच्या साली शेताच्या धुऱ्यावर असाच कोसळला होता, शेजाऱ्यानं पाहिलं म्हणून निभावलं. आणि आता त्याचा डबा हिच्या मांडीवर, त्याचा मोबाइल हेमेंद्रच्या बॅगेत, आणि तो कुठल्या उतारावर आहे ते देव जाणे. खाली दाट रान. रानात अस्वलं आहेत हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आई, तू बस, आमी पाहून येतो," हेमेंद्र म्हणाला. बस म्हणे! ती कसली बसते!

सगळे पांगले. हेमेंद्र एका उतारावरून "बाबा!" म्हणून ओरडत उतरला. गोंदियाची टीना म्हणून एक मुलगी होती, ती दुसरीकडून "अंकल! अंकलजी, किधर हो?" करत गेली आणि मधूनमधून शिटी फुंकू लागली. माथ्यावर सून नीतू तेवढी सासूपाशी राहिली. तीही कडेकडेनं फिरत "मामाजी!" म्हणून हाका मारत होती. एक हाक इथून, एक तिथून. आवाज गोल माथ्यावरून घरंगळत जायचे आणि रान ते गिळून टाकायचं. उत्तर नाही.

ऐकता ऐकता अनुसयाबाई एकदम उठून उभी राहिली.

"नीतू, गप बस! तो असा ओ देनारच नाही."

"काऊन?"

"अवो, रानातला नेम हाये त्याचा. तेंदूपत्त्याले जात होता तवापासूनचा."

तो नेम घरात सगळ्यांना ठाऊक होता, फक्त भीतीपायी कोणाला आठवला नव्हता. रानात कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. चकवा माणसाचा आवाज काढतो आणि ओ दिली की खोल रानात ओढून नेतो. पण त्याला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून एकाच जागेवरून, एकाच आवाजात, नाव घेऊन तीन हाका आल्या तरच ती माणसाची समजायची. नुसतं बाबा, अंकल, मामाजी चालत नाही. बाबा काय, कोणाचाही बाबा असतो.

"मंग मी मारते ना नावानं!" नीतू म्हणाली. काळजीच्या वेळी सासऱ्याचं नाव घ्यायला ती काही लाजणारी नव्हती.

"तुह्या आवाजावर येईल का तो? भर रानात जवान बाईनं नाव घेऊन बोलावलं, तर अजून लपून बसन मेला." मेला हा शब्द तोंडातून गेला आणि अनुसयाबाईनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "हेमेंद्र खाली गेला, त्याचा घसा बसला. मलेच मारा लागते."

नीतू तिच्याकडं बघतच राहिली. कारण अनुसयाबाईनं नवऱ्याचं नाव लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर कधी नाही. दवाखान्यात कोणी विचारलं तर ती पोराकडं बोट दाखवायची. गावात दुसरा एक चुन्नीलाल होता, त्यालासुद्धा ती "ते आटाचक्कीवाले" म्हणायची. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या मायनं सांगितलं होतं. आणि आज त्याच आयुष्याची पडली होती! घ्यावं तर ती भीती, न घ्यावं तर ही.

तो ज्या झुडपांकडं गेला असावा असं तिला वाटलं, त्या कडेला ती जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला.

"चुन्नीलाल!"

आवाज इतका बारीक निघाला की शेजारी उभ्या नीतूलाही जेमतेम ऐकू आला. ही धरायची की नाही? धरू या म्हणाली मनाशी. छाती भरून श्वास घेतला.

"चुन्नीऽऽलाल!"

खालून एक पाखरू तेवढं उडालं. तिसरी मारायची बाकी होती, आणि ती मारवेना. तिसरीलाही उत्तर नाही आलं तर? मग काय समजायचं? नीतूनं तिचा दंड धरला.

"चुन्नीऽऽऽलाल!"

दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. ऊन अजून थोडं खाली सरकलं. दूर कुठंतरी टीनाची शिटी वाजली. उतारावर एक पान हललं नाही. नीतू रडायला लागली.

अनुसयाबाई आधी मटकन खाली बसली. मग तिला जो राग आला, तो राग! नेम त्याचा, तो पाळला. जन्मभराची लाज सोडली, नाव घेतलं, तेही सुनेसमोर. आणि हा माणूस? ती डबा हातात घेऊन उठली आणि उताराकडं तोंड करून कडाडली, "अजी! ऐकून राहिले का? सकाळपासून हा डबा घेऊन फिरून राहिली मी! गोळी खाऊन उपाशी हिंडता, लाज वाटते का काही? भाजी थंडी झाली, आता चुपचाप या अन् दोन घास खा!"

"आलो ना वो! बोंबलतेस कायले?"

अगदी खालून, काळ्या दगडाच्या मागून आवाज आला. हाकेच्या काय, खड्याच्या अंतरावरून!

दोघी घसरत, काट्यांत साड्या अडकवत खाली पोचल्या. चुन्नीलाल दगडाला टेकून बसला होता. घोटा सुजलेला, शर्ट घामानं ओला, हात थरथरत होते. नीतूनं आधी पदराला बांधलेला गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला आणि हेमेंद्रला हाक मारायला वर पळाली. अनुसयाबाईनं डब्याचं झाकण काढलं. पहिला घास तिनंच त्याला भरवला.

"तीन हाका मारल्या मी. नावानं मारल्या. ऐकू नाही आल्या का?"

"आल्या ना."

"मंग ओ काऊन नाही देल्ली?"

चुन्नीलालनं घास गिळला. "आवाज तुहा, अन् नाव माह्यं. मी म्हटलं, हा पक्का चकवा होय. तीन हाका मारायला शिकला साला. माही बायको मरन, पन माह्यं नाव नाही घेनार." त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "मंग तू भाजीवरून बोलली, तवा समजलं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलं नाही, दुसरा घास त्याच्या तोंडाशी धरला. वरून हेमेंद्रची धावपळ ऐकू येत होती.

चुन्नीलालनं घास तोंडात घेतला, चावला. हात जरा ठिकाणावर आले तसा हळूच म्हणाला, "एक डाव अजून घे ना."

"काय?"

"नाव."

"गुमान जेवा, अजी," अनुसयाबाई म्हणाली.