हार्ड डिस्कची जुनी केबल बदलल्याबाबत

विषय: हार्ड डिस्कची केबल चौकशी न करता सेवेतून काढल्याबाबत.
संदर्भ: आखातातील देरा येथील मसाल्यांच्या व्यापारी कचेरीतला जुना डेस्कटॉप.

वरील विषयास अनुसरून मी, सदर केबल, बोलते आहे. लांबी दोन वीत, रंग लाल. हार्ड डिस्कमध्ये साठवलेलं पुढे मदरबोर्डला पोचवायचं, एवढंच माझं काम. तेरा वर्षांत मी वाटेत एक अक्षरही खाल्लं नाही. कचेरीत असं सगळ्यांबद्दल म्हणता येत नाही.

त्या संगणकावर भानुदासकाका बसत. सकाळी बटण दाबताना हळूच म्हणत, "चल बाई." मला वाटे, मलाच म्हणतात.

गेल्या महिन्यात खाडीवर माल भरलेली होडी खोळंबली, कारण मालाची यादी पाऊण तास उघडेना. मालक संग्रामशेट, वयाने काकांच्या मुलाएवढे, खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"काका, यल्ला, लवकर! नाखवा दहा वेळा फोन करतोय. प्रॉब्लेम काय आहे?"

"केबल जुनी झालीय, शेट."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला यहया आला. मला तपासून हसला.

"काका, केबल एकदम ठीक है. डिस्क खलास है, नई डालो."

काकांनी दाराकडे पाहिलं. ही डिस्क अजून पाच वर्षं चालेल, असं गेल्याच वर्षी त्यांनी शेटना छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि त्यांच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा अर्ज नेमका आताच शेटच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

"तू केबलच बदल, भाई," ते यहयाला म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "दहा दिरहॅम, म्हणजे अडीचशे रुपये. स्वस्तात सुटलो."

मला उपटून ड्रॉवरमध्ये, मोडक्या स्टेपलरशेजारी टाकलं. माझ्या जागी निळी केबल आली. काम तेच, वेगही तोच. तरी काका शेटना सांगत होते, "बघा, आता कशी पळतेय!" मला काढलं याचं दुःख होतंच, पण हे वाक्य ड्रॉवरमधून ऐकावं लागलं, ते जास्त लागलं.

नवव्या दिवशी डिस्क कायमची बंद पडली. शेट आले. या वेळी ओरडले नाहीत.

"केबल तर नवी आहे, काका. आता जुनं काय राहिलंय?"



मला आनंद झाला. थोडा कमी झाला असता, तर बरं वाटलं असतं.

नवी डिस्क बसली आहे. मला पुन्हा कामावर घ्यावं, ही विनंती अद्याप कोणी ऐकलेली नाही. भानुदासकाकांचा अर्ज शेटच्या टेबलावरच आहे. सही झालेली नाही.