स्वागताच्या फलकामागचा भाला

मित्रांनो, मी एक जुना बांबूचा भाला आहे. अजून धक्क्यातच आहे, म्हणून शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

सुरगाण्याच्या गोटीरामने मला बांबूच्या बेटातून तोडले, चुलीवरच्या धुरात वाळवले आणि लोहाराकडून पोलादी टोक बसवून घेतले. त्याची मुलगी राखी नाशकात शिकायला आली तेव्हा मीही आलो. गंगापूर रोडपलीकडच्या क्रीडा केंद्रात ती मला रोज फेकायची. मी जमिनीत रुतून उभा राहिलो की तिच्या प्रशिक्षक संध्याताई म्हणायच्या, "वा गं पोरी."

मग कळले की मुलींचा भालाफेकीचा वर्ग बंद होणार. कारण काय, तर मुली येत नाहीत. त्याच सुमारास दिल्लीहून युवक व खेळांचे विषय पाहणारी संसदेची स्थायी समिती पाहणीला यायची ठरली. "त्यांच्यासमोर एकदा फेक," ताई राखीला म्हणाल्या. "वर्ग टिकला तर त्यानेच टिकेल."

समिती येणार त्या सकाळी मांडववाल्याला एक बांबू कमी पडला. केंद्राचे व्यवस्थापक दिनेशराव मला घेऊन आले. "हा जुनाच आहे. लावा."

"लांब होतोय, साहेब."

"मग काप की."

करवत चालली आणि माझे पोलादी टोक वेगळे झाले. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. थोड्याच वेळात माझ्या अंगावर फलक ताणला गेला : उद्याच्या खेळाडूंकडून स्वागत.

हार झाले, चहा झाला. समितीतल्या एक खासदारबाई म्हणाल्या, "भाला कोण फेकतं इथे?"

राखी पुढे आली. रिकाम्या हातांनी इकडेतिकडे पाहताना तिची नजर वर गेली. ती थिजली.

"लाजतेय, मॅडम," दिनेशराव हसले.

"लाजत नाय," राखी म्हणाली. "माझा भाला तुम्ही बांधलाय."

तिने गाठी सोडल्या. फलक खुर्च्यांवर कोसळला. ती धावली आणि तिने मला फेकले. टोकाविना मी हवेत वाकडा झालो आणि जवळच आडवा पडलो. बाई चालत आल्या, माझ्या कापलेल्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मुली येत नाहीत, असं तुम्ही कळवलंय ना? मग ही कोण?"

दिनेशराव खुर्च्यांवरचा फलक गोळा करू लागले.

समितीच्या गाड्या पुढच्या पाहणीसाठी देवळालीकडे गेल्या. समिती काय शिफारस करील, मला ठाऊक नाही. वर्गाचे अजून ठरलेले नाही. पण राखी रोज येते. गोटीरामने नवा बांबू धुरात टांगला आहे.

मित्रांनो, पाहुण्यांसाठी मैदान जरूर सजवा. फक्त तिथली वस्तू उचलण्याआधी, तिच्याशी रोज कोण खेळते ते विचारा.

मी जिथे आडवा पडलो, तिथेच राखीने मला खुंटीसारखे रोवले आहे. नवा भाला माझ्या पुढे पडला पाहिजे, असे ती म्हणते. मी वाट पाहतो आहे.